केमोच्या आधीचे सोळा दिवस

वाचकाचे पत्र:

माझे वय ३२ आहे. कराडजवळच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिकवते. लग्नाला अडीच वर्षे झाली, मूल नाही. ‘घर बांधून झाले की बघू’ असे आम्ही ठरवले होते. दिवाळीनंतर डाव्या स्तनात गाठ हाताला लागली आणि तपासणीत कॅन्सर निघाला. बारा दिवसांपूर्वी पुण्यात शस्त्रक्रिया झाली. स्तन वाचला, पण काखेतल्या दोन गाठींत कॅन्सर सापडला. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर पॉझिटिव्ह आणि हर-टू निगेटिव्ह असे लिहिले आहे. आजपासून सोळा दिवसांनी केमो सुरू होईल, मग शेक, मग पाच ते दहा वर्षे गोळी. मुलाबद्दल विचारले तर डॉक्टर म्हणाले, ‘आधी जीव वाचवू, बाकीचे नंतर.’ सासूबाईंचे म्हणणे आहे की आधी मूल होऊ दे, तोवर शतावरी कल्प घे. शेजारच्या काकू म्हणाल्या, केमोने पाळी जाते आणि बाई वर्षभरात म्हातारी दिसायला लागते. माझी मावशी पंचेचाळिसाव्या वर्षी पोटाच्या कॅन्सरने गेली, म्हणून आई वेगळीच घाबरली आहे. कालनिर्णयवर केमोच्या तारखेला मी पेन्सिलने गोल केला आहे, पेनने करायचा धीर झाला नाही. मला मूल होईल का? पाळी कायमची जाईल का? आणि धाकट्या जावेचे डोहाळजेवण केमोनंतर दहाव्या दिवशी आहे, तिथे जावे का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या सोळा दिवसांपाशी थांबले. ‘आधी जीव वाचवू’ हे तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे योग्यच आहे, त्यावर माझे दुमत नाही. ‘बाकीचे नंतर’ हे मात्र मला पटत नाही, कारण मूल होण्याच्या शक्यतेबाबत जे काही राखून ठेवायचे असते ते केमोचा पहिला डोस अंगात जाण्यापूर्वीच राखावे लागते. केमो सुरू झाल्यावर अंडाशयातील अंडी काढून ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही आणि केमो संपल्यावर किती अंडी शिल्लक असतील ते आज कोणीही सांगू शकत नाही. त्यामुळे हे उत्तर वाचून झाल्यावर रुग्णालयात फोन करा आणि ‘केमोपूर्वी मला वंध्यत्वतज्ज्ञांना भेटायचे आहे, तशी चिठ्ठी द्या’ एवढेच मागा. अशी चिठ्ठी मागणे हा हावरटपणा नाही आणि त्यात डॉक्टरांवर अविश्वासही नाही. तरुण वयातील प्रत्येक रुग्णाशी उपचारांपूर्वी या विषयावर बोलावे, असेच कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांचे मार्गदर्शन आहे. पण ओपीडीत सत्तर माणसे बाहेर बसलेली असताना ते बोलणे राहून जाते आणि मग ती आठवण रुग्णालाच करून द्यावी लागते.

सोळा दिवस पुरतील का, हा पुढचा प्रश्न. पुरतील, पण त्यातला एकही वाया घालवता येणार नाही. पूर्वी अंडी काढण्यासाठी पाळी येण्याची वाट पाहावी लागे आणि त्यातच तीन-चार आठवडे जात. आता कॅन्सरच्या रुग्णांमध्ये पाळीच्या कोणत्याही दिवशी इंजेक्शने सुरू करतात. साधारण दहा ते बारा दिवस रोज पोटावर बारीक सुईने इंजेक्शन, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी आणि शेवटी एक छोटी प्रक्रिया, असा तो सगळा दोन आठवड्यांचा कार्यक्रम आहे. तो दोन-चार दिवस लांबला तरी घाबरू नका. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत केमो सुरू झाली तर उपचारांचे नुकसान होत नाही आणि तुम्ही अजून त्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहात. पेन्सिलने गोल केलात हे बरेच झाले. तारीख तीन दिवस पुढे गेली तरी चालेल का, हे ऑन्कोलॉजिस्टना मोकळेपणाने विचारा. त्यांनी नकार दिला तर कारणही विचारा.

इथे तुमच्या मनात एक शंका येईल, ती तुम्ही लिहिलेली नसली तरी प्रत्येकीला येते. ईआर, पीआर पॉझिटिव्ह म्हणजे माझा कॅन्सर हार्मोनवर वाढणारा आहे. मग अंडी वाढवण्यासाठी हार्मोनची इंजेक्शने घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे नव्हे का? शंका रास्त आहे, कारण एरवी या इंजेक्शनांनी रक्तातील इस्ट्रोजेन काही पटींनी वाढते. म्हणूनच अशा रुग्णांना इंजेक्शनांबरोबर लेट्रोझोल नावाची गोळी देतात. ती अंडाशयाला काम करू देते आणि इस्ट्रोजेनची पातळी नेहमीच्या पाळीत असते साधारण तितपतच ठेवते. या पद्धतीने अंडी काढलेल्या स्त्रियांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा झाला आहे आणि त्यांच्यात कॅन्सर उलटण्याचे प्रमाण इतरांपेक्षा वाढलेले दिसलेले नाही. तज्ज्ञांना भेटाल तेव्हा ‘लेट्रोझोल देणार ना?’ असे आवर्जून विचारा.

अंडी काढतात त्या दिवशी उपाशीपोटी बोलावतात. थोडी भूल देऊन सोनोग्राफीत पाहत योनिमार्गातून सुई अंडाशयापर्यंत नेतात आणि अंडी द्रवासकट ओढून घेतात. पोटावर टाका नाही, वीस मिनिटांचे काम. अंडे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे, डोळ्यांना दिसेल न दिसेल असे असते. प्रयोगशाळेतील मुलगी ते सूक्ष्मदर्शकाखाली धुऊन बारीक प्लास्टिकच्या पट्टीच्या टोकावर ठेवते आणि ती पट्टी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवते. एका क्षणात अंड्याची काच होते, बर्फ व्हायला सवडच मिळत नाही, आणि बर्फाचे स्फटिक नसल्यामुळे आतली रचना फाटत नाही. संध्याकाळी तुम्ही घरी असता. दोन-तीन दिवस पोट जड वाटते, क्वचित जास्त फुगते. फुगून धाप लागली, लघवी कमी झाली किंवा सतत उलट्या झाल्या तर मात्र रात्र असली तरी फोन करायचा.

आता अंडी गोठवायची की पतीच्या बीजाशी फलित करून गर्भ गोठवायचे, हे तुम्हाला विचारले जाईल. सहायक प्रजननाचा कायदा आपल्याकडे २०२१ मध्ये झाला. त्यानुसार हे काम नोंदणीकृत क्लिनिकमध्येच करता येते आणि गोठवलेला गर्भ दहा वर्षांपर्यंतच ठेवता येतो. गर्भावर दोघांचा हक्क असतो, म्हणून तो वापरताना दोघांचीही लेखी संमती लागते. अंडी मात्र फक्त तुमची असतात. तुमच्या संसाराविषयी मला काहीही शंका नाही. तरीही मी माझ्या रुग्णांना अंडी पुरेशी मिळाली तर काही तशीच ठेवा आणि काहींचे गर्भ करा, असे सांगत आले आहे, कारण आयुष्य दहा वर्षांनी कुठे असेल हे आज लिहून देता येत नाही आणि पर्याय हाताशी असलेला बरा. कुटुंबातील वडीलधाऱ्यांसमोर हा विषय निघाला तर तो तुम्ही दोघांनीच ठरवायचा आहे, एवढे म्हणून थांबा.

हे सगळे करूनही मूल नक्की होईल असे वचन मी देणार नाही. गोठवलेल्या प्रत्येक अंड्याचे मूल होत नाही. काही वितळवताना टिकत नाहीत, काही फलित होत नाहीत, काही गर्भ रुजत नाहीत. बत्तिसाव्या वर्षी दहा-पंधरा चांगली अंडी मिळाली तर एका मुलाची आशा बरी असते. पाच मिळाली तर कमी, पण शून्य नव्हे. खर्च खासगी केंद्रात साधारण दीड ते अडीच लाखांच्या घरात जातो आणि साठवणुकीचे दरवर्षीचे भाडे वेगळे. कॅन्सरच्या उपचारांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मदत मिळते, पण अंडी गोठवण्याचा भार बहुधा स्वतःलाच उचलावा लागतो. घराचे बांधकाम अर्धे असताना हा आकडा जड आहे, हे मला कळते. तो झेपत नसेल तर रुग्णालयातील समाजसेवा विभागाला विचारा, आणि तरीही जमले नाही तर स्वतःला दोष देऊ नका, कारण तुमच्या वयात अंडी न गोठवताही पुढे दिवस राहण्याची शक्यता खरोखर आहे.

त्या शक्यतेला हात देणारा आणखी एक, त्या मानाने स्वस्त उपाय आहे. केमो सुरू होण्याच्या किमान आठवडाभर आधी आणि पुढे केमो चालू असेपर्यंत दर चार आठवड्यांनी गोसेरेलिन किंवा त्याच जातीचे इंजेक्शन देऊन अंडाशयांना झोपवून ठेवतात, म्हणजे केमोचा मारा त्यांच्यावर कमी बसतो. अशा पाच अभ्यासांतील ८७३ स्त्रियांची एकत्रित माहिती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. इंजेक्शन न घेतलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के स्त्रियांची अंडाशये अकाली बंद पडली होती, घेतलेल्यांपैकी १४ टक्क्यांची. मात्र हे इंजेक्शन अंडी गोठवण्याची जागा घेत नाही. दोन्ही जमत असेल तर दोन्ही करावे. अंडी काढून झाल्यावर लगेच ते देता येते, त्यामुळे सोळा दिवसांत दोन्ही बसवताना थोडी ओढाताण होईल. त्यासाठी तुमचे दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलणे हाच मार्ग आहे. निरोप्याचे काम तुम्ही करू नका.

पाळीबद्दलच्या तुमच्या प्रश्नाकडे येते. केमोतील सायक्लोफॉस्फामाइड हे औषध अंडाशयावर सर्वाधिक परिणाम करते. केमो चालू असताना तुमची पाळी बहुधा थांबेल. पस्तिशीच्या आतील बहुतेक स्त्रियांमध्ये ती केमो संपल्यानंतर सहा महिने ते वर्षभरात परत येते, चाळिशीनंतर तशी आशा झपाट्याने कमी होते. पण पाळी आणि मूल होण्याची क्षमता या दोन गोष्टी आपण एकच समजतो आणि तिथे फसतो. पाळी परत आली तरी अंड्यांचा साठा घटलेला असू शकतो, म्हणजे एरवी पंचेचाळिशी-सत्तेचाळिशीच्या आसपास जी पाळी जाते ती काही वर्षे आधी जाऊ शकते. उलट पाळी बंद असली तरी अंडे तयार होऊ शकते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण रुग्ण आली होती. केमोनंतर पाळी आलेलीच नाही म्हणून तिने कोणतीही काळजी घेतली नव्हती, आणि उलट्या होतात त्या गोळीमुळेच असे ती सहा आठवडे समजत होती. सोनोग्राफीत गर्भ दिसला तेव्हा ती टॅमॉक्सिफेन, म्हणजे तुम्हालाही पाच ते दहा वर्षे घ्यायची आहे ती गोळी, घेत होती. ते औषध गर्भाला घातक ठरू शकते. त्या खोलीतील शांतता मी विसरलेले नाही, आणि ही गोष्ट तिला आधी कोणी नीट समजावून सांगितली नव्हती, हेही नाही.

म्हणून उपचार चालू असेपर्यंत, पाळी असो वा नसो, गर्भनिरोधक हवेच. तांबी किंवा निरोध हे तुमच्यासाठी सुरक्षित. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर तुम्हाला माला-एनची गोळी किंवा ‘अंतरा’चे इंजेक्शन सुचवतील, पण त्यात हार्मोन असते, सबब नको. छाया गोळीही ऑन्कोलॉजिस्टना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता त्या पाच ते दहा वर्षांच्या गोळीचे. टॅमॉक्सिफेन अंडाशये नष्ट करत नाही. अडचण आहे ती काळाची. दहा वर्षांनी तुम्ही बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या असाल. मध्येच गोळी थांबवून मूल होऊ द्यावे का, यावर डॉक्टर पूर्वी अंदाजाने बोलत. २०२३ मध्ये ‘पॉझिटिव्ह’ नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि बोलायला काही आधार मिळाला. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर झालेल्या, बेचाळीस वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक स्त्रियांनी दीड ते अडीच वर्षे गोळी घेतली, मग मुलासाठी जास्तीत जास्त दोन वर्षे थांबवली आणि नंतर पुन्हा सुरू केली. तीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचे प्रमाण त्यांच्यात ८.९ टक्के होते. तुलनेसाठी घेतलेल्या, गोळी न थांबवणाऱ्या गटात ते ९.२ टक्के होते. जवळपास चौघींपैकी तिघींना दिवस राहिले आणि ६४ टक्के स्त्रियांनी बाळाला जन्म दिला. कॅन्सरनंतरचे गरोदरपण म्हणजे कॅन्सरला आमंत्रण, हा समज यामुळे आणखी सैल झाला आहे.

तरी त्या आकड्यांवर तुम्ही लगेच घर बांधू नये, असे मी म्हणेन. त्या अभ्यासातील बहुतेक स्त्रियांच्या काखेतल्या गाठींत कॅन्सर नव्हता, तुमच्या दोन गाठींत होता. आणि हा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनीही उलटू शकतो, तीन-चार वर्षांचा पाठपुरावा त्यासाठी थोडा आहे. तुमच्या बाबतीत दोन वर्षे गोळी घेऊन थांबायचे की तीन, हे तेव्हाच्या तपासण्या पाहून ठरेल. थांबवायची झाली तर गोळी बंद केल्यावर तीन महिने जाऊ द्यावे लागतात, मगच प्रयत्न. आणि बाळंतपण झाले की गोळी पुन्हा सुरू करायची असते, ती बारशाच्या गडबडीत वर्षभर राहून जाता कामा नये. शेक घेतलेल्या डाव्या बाजूला दूध फारसे येत नाही. उजव्या बाजूने बाळाला पाजता येते, पण गोळी परत सुरू करेपर्यंतच. हे सगळे फार पुढचे आहे, तुम्ही विचारलेले नाही, आणि तरी लिहिले, कारण ‘पुढे’ असे काही आहे हे तुम्हाला आज दिसायला हवे असे मला वाटले.

काकूंच्या म्हणण्यात तथ्य किती? थोडे आहे. तुमचे वय आणि काखेतल्या गाठी पाहता केमोनंतरही अंडाशये झोपवण्याचे ते मासिक इंजेक्शन गोळीबरोबर काही वर्षे चालू ठेवावे असे डॉक्टर कदाचित सुचवतील. तसे झाले तर बत्तिशीतच रजोनिवृत्तीची लक्षणे येतील, आणि नैसर्गिकरीत्या ती चार-पाच वर्षांत हळूहळू येतात तशी न येता एकदम येतील. अंगातून वाफा निघणे, रात्री गाऊन भिजून जाग येणे, चिडचिड, सांधे आखडणे, योनिमार्ग कोरडा पडणे. इंजेक्शन थांबवल्यावर तुमच्या वयात अंडाशये बहुधा पुन्हा काम करू लागतात, हा मोठा फरक काकूंना माहीत नसावा.

माझ्याकडे येणाऱ्या एक बाई रोज एसटीने तालुक्याला जातात. वाफ येण्याच्या क्षणभर आधी छातीत धडधडते हे त्यांनी ओळखले आहे, तेवढ्यात त्या पर्समधला ओला नॅपकिन मानेवर ठेवतात, खिडकी उघडतात आणि सावकाश सहा श्वास घेतात. तीन मिनिटांत निभावते. फळ्याकडे तोंड करून उभे असताना तुम्हाला हे जमेल. सुती कपडे, रात्री उशाशी पाण्याचा तांब्या, चहा आणि तिखट कमी. एवढ्याने भागले नाही तर हार्मोन नसलेली औषधे आहेत. व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिन थोड्या मात्रेत पुष्कळ जणींना उपयोगी पडते. त्यातली काही मुळात नैराश्यावरची औषधे आहेत, म्हणून नाव वाचून दचकू नका. मात्र त्याच कुळातील पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही औषधे टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. कोणीही, अगदी गावातल्या फॅमिली डॉक्टरांनीही, मनासाठी किंवा झोपेसाठी गोळी लिहून दिली तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे आधी सांगा. पाळी गेल्यावर इतर स्त्रियांना देतात ती हार्मोनची गोळी तुम्हाला चालणार नाही.

कोरडेपणाबद्दल स्त्रिया मला नेहमी खुर्चीतून उठताना, दाराशी गेल्यावर विचारतात, म्हणून न विचारताच लिहिते. संबंधांच्या वेळी दुखणे ही सहन करायची गोष्ट नाही. पाण्यावर आधारित वंगण औषधाच्या दुकानात मिळते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा वापरायची ओलावा टिकवणारी जेलही मिळते. खोबरेल तेल घरोघरी वापरतात, पण निरोध वापरत असाल तर ते वर्ज्य, कारण तेलाने निरोधाचे रबर फाटते. पतीला हे स्वतः सांगा. त्यांना तुमच्या दूर सरकण्याचा अर्थ वेगळाच लागत असेल.

हाडांचे थोडक्यात: अंडाशये बंद ठेवली की हाडे लवकर विरळ होतात, म्हणून सुरुवातीलाच डेक्सा स्कॅन करून घ्या, ड जीवनसत्त्व तपासा, नाचणी-दूध-तीळ आहारात ठेवा आणि रोज चाला.

सासूबाईंच्या दोन्ही सूचनांना माझे उत्तर नाही असेच आहे, पण ते तुम्ही त्यांना कसे सांगता याला महत्त्व आहे. आधी मूल आणि मग केमो, हे करता येणार नाही. शस्त्रक्रियेने दिसणारी गाठ गेली. शरीरात इतरत्र न दिसणाऱ्या पेशी असतील तर त्यांच्यासाठी केमो आहे, आणि तिला वर्ष-दीड वर्ष थांबवणे म्हणजे त्या पेशींना मोकळे रान देणे. शतावरीत इस्ट्रोजेनसारखे परिणाम करू शकणारी द्रव्ये आहेत, म्हणून हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये शतावरी कल्प, ‘लेडीज टॉनिक’ किंवा सोयाबीनच्या अर्काच्या कॅप्सूल मी घेऊ देत नाही. जेवणातले सोयाबीन किंवा टोफू अधूनमधून चालते. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना तज्ज्ञांच्या भेटीला बरोबर न्या, असे मी सुचवीन. हे सगळे परदेशी खूळ आहे असे त्यांना वाटत असेल तर सांगा, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हाताखाली मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. सासूबाई तेव्हा स्वतःच लेकुरवाळ्या असतील. नातवंडाची आशा पूर्ण सोडलेली नाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकले की पुष्कळ सासवांचा आवाज खाली येतो, हा माझा अनुभव आहे.

मावशींचे तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण माझी पेन्सिल त्याच ओळीखाली गेली. आपल्याकडे बाईच्या अंडाशयाच्या कॅन्सरलाही ‘पोटाचा’ म्हणून मोकळे होतात. आईला विचारा, मावशींचे पोट पाण्याने फुगले होते का, ऑपरेशन कुठे झाले, एखादा कागद मावसभावाच्या कपाटात आहे का. तुम्हाला बत्तिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला आहे, तेवढ्यावरूनच बीआरसीए या जनुकांची तपासणी करायला हवी, कारण त्यांतील दोषाने स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मावशींचा अंडाशयाचा असेल तर ती अधिकच निकडीची. दोष निघाला तर तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते, आणि गोठवलेल्या अंड्यांपासून पुढे गर्भ तयार करताना तो दोष नसलेला गर्भ निवडण्याची सोय आहे. तसेच बीआरसीए-१ चा दोष असलेल्यांना मुले झाल्यावर, पस्तीस ते चाळीस या वयात अंडाशये काढून टाकण्याचा सल्ला देतात, म्हणजे मूल कधी होऊ द्यायचे याचे गणितही त्यावर बदलते. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. त्यासाठी अंडी काढणे थांबवू नका, रक्त आत्ताच देऊन ठेवा. आईची भीती ‘वेगळी’ आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्यांनी कदाचित हे सगळे शब्दांवाचून ओळखले असेल.

राहिले डोहाळजेवण. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातील पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या दिवसांत शंभर बायकांच्या गर्दीत, खोकणाऱ्या पोरांमध्ये आणि बाहेरच्या पंगतीत मी माझ्या कोणत्याही रुग्णाला जाऊ देत नाही, आणि तुमचा दहावा दिवस बरोबर त्यात येतो. तेव्हा ‘डॉक्टरांनी गर्दीत जायला मनाई केली आहे’ हे तुम्ही जावेला खुशाल सांगा, ते शंभर टक्के खरे आहे. ते खरे असल्यामुळे जरा सुटल्यासारखे वाटले तर त्याबद्दलही मनाला खाऊ नका. ओटीचे सामान आधी पाठवून द्या किंवा केमोच्या आदल्या आठवड्यात तिला एकटीलाच घरी जेवायला बोलवा. मात्र सोनोग्राफीचे दिवस सोडून बोलवा, कारण त्या आठवड्यात तुमच्या पुण्याच्या निदान चार फेऱ्या होणार आहेत.